प्रश्न आधी आपल्या सरकारला

दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांना दिल्ली आणि इस्लामाबाद इथं एकाच वेळी एक सरकारी काम पार पडतं. भारताच्या तुरुंगांत असलेल्या पाकिस्तानी नागरिकांची यादी पाकिस्तानच्या हाती दिली जाते आणि पाकिस्तानच्या तुरुंगांतल्या भारतीयांची यादी भारताच्या हाती. त्यात मच्छीमारांची नोंद वेगळी असते. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांनी केलेल्या करारातून हा शिरस्ता आला. मे २०२५ मध्ये या दोन देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडले. त्याआधीच अटारीची वाट बंद झाली होती, व्हिसा रद्द झाले होते, सिंधू पाणीवाटप करार भारताने स्थगित ठेवला होता. तरीही १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते, भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी मच्छीमार.

लढाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन सरकारांमध्ये एवढा एक धागा शाबूत राहिला, याचं श्रेय केवळ मुत्सद्द्यांना देता येणार नाही. तुरुंगात कोण आहे ते आधी मोजा, घरच्यांना कळवा, शिक्षा संपली असेल तर सोडा, असा तगादा वर्षानुवर्षं लावून धरणारी माणसं दोन्हीकडे होती. त्यांत कामगार संघटना होत्या, मच्छीमार संघटना होत्या, मानवी हक्कांचं काम करणारे वकील, निवृत्त न्यायाधीश, पत्रकार आणि महिलांचे गट होते. एकेकट्याचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नसतं. ही माणसं एकत्र कशी आली, कशावर एकत्र आली आणि सगळं उलट दिशेने वाहत असताना एकत्र कशी राहिली, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्याकडे चळवळींचा इतिहास बहुधा नेत्यांच्या चरित्रांतून किंवा एखाद्या लढ्याच्या हकिगतीतून सांगितला जातो. आघाडी बांधण्याचं काम त्यात ओझरतं येतं. बैठकीला कोणाला बोलावलं, ठरावातलं कोणतं वाक्य कोणासाठी बदललं, प्रवासाचा खर्च कोणी केला, कोण रागावून उठून गेलं आणि त्याची समजूत कोणी घातली, हा तपशील कंटाळवाणा समजून गाळला जातो. पण शांततेसाठी आणि न्यायासाठी झटणारे गट तुटतात ते नेमके याच जागी. ध्येयावरून क्वचित भांडण होतं. भांडण होतं ते पहिलं कोणी बोलायचं आणि कोणाच्या दुःखाला आधी जागा द्यायची यावरून. म्हणून या पुस्तकाने भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या लोकांच्या आघाडीचं एकच उदाहरण निवडलं आहे आणि ते खोलात जाऊन पाहिलं आहे. इतक्या कठीण जमिनीवर जे रुजलं, ते इतरत्रही रुजवता येईल असा माझा विश्वास आहे.

या आघाडीचा तीस वर्षांचा प्रवास पाहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. अशी आघाडी मतं जुळली म्हणून टिकत नाही. तिच्यातला प्रत्येक जण आधी आपल्या सरकारला आणि आपल्या समाजाला प्रश्न विचारायला तयार असतो, म्हणून ती टिकते.

सुरुवात झाली तो काळ मैत्रीला मुळीच अनुकूल नव्हता. काश्मीरमध्ये १९८९-९० पासून सशस्त्र बंड आणि लष्करी बंदोबस्त यांच्यामध्ये सामान्य माणूस भरडला जात होता. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर पाकिस्तानात देवळांवर हल्ले झाले. मुंबईने डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगली पाहिल्या आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही. १९९४ मध्ये कराचीतली भारतीय वकिलात बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांतली काही मोजकी माणसं लाहोरला भेटली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिल्लीत बसली आणि ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी’ ही संघटना उभी राहिली. तिला या पुस्तकात आम्ही नुसतं ‘फोरम’ म्हटलं आहे.

या उभारणीत कोण होतं ते पाहिलं की आघाडीचा पोत लक्षात येतो. डॉ. मुबशिर हसन हे झुल्फिकार अली भुट्टो यांच्या सरकारातले माजी अर्थमंत्री. त्यांचा जन्म पानिपतचा. आय. ए. रहमान हे पत्रकार आणि पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाचे आधारस्तंभ; हा आयोग सरकारी नाही, नागरिकांनी चालवलेला आहे. अस्मा जहांगीर या वकील. लष्करी राजवटीशी कोर्टात आणि रस्त्यावर झुंजलेल्या. भारताकडून निर्मल मुकर्जी हे माजी कॅबिनेट सचिव होते, रजनी कोठारी यांच्यासारखे राज्यशास्त्रज्ञ होते, तपन बोस यांच्यासारखे मानवी हक्क कार्यकर्ते होते. कोणी सरकार आतून पाहिलेलं, कोणी सरकारचा मार खाल्लेला. अशा माणसांना एका टेबलाशी बसवणं हेच पहिलं काम होतं.

पहिलं संयुक्त अधिवेशन फेब्रुवारी १९९५ मध्ये दिल्लीत झालं आणि दुसरं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरला. चर्चेचे विषय चार ठरले: युद्ध आणि शस्त्रसज्जता कमी करणं, काश्मीरचा लोकशाही मार्गाने तोडगा, धार्मिक असहिष्णुता आणि लोकशाही कारभार. यांतले दोन विषय शांततेचे वाटतात आणि दोन न्यायाचे. फोरमच्या नावात शांततेशेजारी लोकशाही बसली ती याच समजुतीतून. पाकिस्तानातल्या बायकांनी लष्करशहा जनरल झिया यांच्या १९७९ च्या, बायकांवर अन्याय करणाऱ्या हुदूद कायद्यांविरुद्ध लढा दिला होता, १९८१ मध्ये ‘विमेन्स ॲक्शन फोरम’ उभा केला होता. सीमेवरचा तणाव वाढला की घरातल्या आणि कोर्टातल्या बाईचा आवाज आधी दाबला जातो, हे त्यांनी अनुभवलं होतं. भारतातल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांनी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर न्यायाची वाट पाहणारी कुटुंबं पाहिली होती. शत्रू दारात उभा आहे असं सांगून घरातला अन्याय झाकता येतो, हा दोन्हीकडचा समान अनुभव होता. तो अनुभवच आघाडीचा पाया झाला.

काश्मीरवर मात्र सगळं मोडण्याची शक्यता होती. पाकिस्तानी मित्रांपैकी अनेकांना वाटे की हा प्रश्न बाजूला ठेवून मैत्रीच्या गोष्टी करणं म्हणजे फसवणूक. भारतीयांपैकी अनेकांना वाटे की हा विषय काढला की परत गेल्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. फोरमने दोन्ही सरकारांची भाषा नाकारली. काश्मीर हा केवळ दोन देशांमधला जमिनीचा वाद नाही. तोडगा शांततेचा आणि लोकशाहीचा हवा आणि त्यात जम्मू-काश्मीरच्या लोकांना स्थान हवं, अशी भूमिका ठरावात मांडली गेली. या भूमिकेने प्रश्न सुटला नाही. पण ज्यांच्याबद्दल सगळे बोलत होते त्यांना वाक्यात जागा मिळाली आणि दोन्ही बाजूंना आपापल्या सरकारपासून अर्धं पाऊल दूर उभं राहता आलं. आघाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने हा ठराव अभ्यासावा. वादाच्या दोन टोकांच्या मधोमध रेघ मारून तो लिहिलेला नाही. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याच्या जागेवरून तो लिहिला आहे.

खरी कसोटी मे १९९८ मध्ये लागली. ११ आणि १३ मे रोजी भारताने अणुचाचण्या केल्या, २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने. दोन्ही देशांत मिठाई वाटली गेली. त्या दिवसांत भारतीय कार्यकर्त्यांनी पाकिस्तानच्या बॉम्बचा आणि पाकिस्तानी कार्यकर्त्यांनी भारताच्या बॉम्बचा निषेध केला असता, तर ते दोन्ही सरकारांच्या कामाचंच झालं असतं. त्यांनी उलट केलं. भारतीयांनी पोखरणवर टीका केली, पाकिस्तान्यांनी चगाईवर. इस्लामाबादेत अशा विरोधासाठी घेतलेल्या पत्रकार परिषदेवर जमावाने हल्ला केला. आपल्या बाजूचा माणूस आपल्याच देशात मार खातो आहे, ही बातमी जेव्हा पलीकडे पोचते, तेव्हा जो विश्वास तयार होतो तो कुठल्याही संयुक्त पत्रकातून होत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोरमचं अधिवेशन पेशावरला भरलं, खान अब्दुल गफ्फार खानांच्या मुलखात. पुढच्या वर्षी कारगिलचं युद्ध झालं आणि एप्रिल २००० मध्ये बंगळुरूला पुन्हा अधिवेशन झालं. पाकिस्तानात ‘पाकिस्तान पीस कोअलिशन’ उभी राहिली आणि नोव्हेंबर २००० मध्ये भारतातल्या अण्वस्त्रविरोधी गटांनी एकत्र येऊन ‘कोअलिशन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट अँड पीस’ ही आघाडी बांधली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सैन्यं महिनोन्‌महिने सीमेवर उभी राहिली, रेल्वे आणि विमानं बंद पडली. तो काळ ओलांडून डिसेंबर २००३ मध्ये कराचीत अधिवेशन झालं. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला तेव्हा पाकिस्तानातून आलेल्या कार्यकर्त्यांना मुंबईकर भेटू शकले.

या आघाडीत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे आणि तो मराठी वाचकाला माहीत असायला हवा. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म माटुंग्याचा. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस बियास’ या युद्धनौकेचं नेतृत्व केल्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या गावात राहिले आणि फोरमच्या भारतीय शाखेचं नेतृत्व त्यांनी केलं. ज्याने प्रत्यक्ष युद्ध लढलं त्याने अण्वस्त्रांना विरोध केला, तेव्हा ‘तुम्हाला संरक्षणातलं काय कळतं’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण झाली. २००४ मध्ये रामदास आणि आय. ए. रहमान यांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार दिला गेला. एक जण नौदलातला, दुसरा पत्रकार. सन्मान मात्र दोघांनी एकत्र केलेल्या कामाचा. मार्च २०२४ मध्ये रामदास गेले.

दुसरं नाव निर्मला देशपांडे यांचं. नागपूरच्या या लेकीला साहित्य आणि विचार घरातूनच मिळाला; पु. य. देशपांडे हे तिचे वडील. विनोबांबरोबर भूदानाची पदयात्रा केलेल्या निर्मलाताईंनी सन २००० मध्ये, कारगिलच्या जखमा ताज्या असताना, महिलांना घेऊन दिल्लीहून लाहोरला बस नेली. त्याच वर्षी अस्मा जहांगीर यांच्या पुढाकाराने पाकिस्तानी महिला दिल्लीला आल्या. दोन सरकारं बोलत नसताना बायका एकमेकींच्या घरी जेवल्या आणि परत आल्यावर आपापल्या शहरांत सभा घेऊन बोलल्या. १ मे २००८ रोजी निर्मलाताई गेल्या. त्यानंतर त्यांच्या अस्थी सिंधू नदीतही विसर्जित झाल्या आणि पाकिस्तान सरकारने त्यांना मरणोत्तर नागरी सन्मान दिला. गांधी-विनोबांच्या वाटेने चालणारी एक मराठी बाई सिंधमध्ये आपली मानली गेली, यामागे तिची अनेक वर्षांची ये-जा होती.

आता मच्छीमारांकडे येतो. या पुस्तकातला सर्वात मोठा भाग त्यांच्यावर आहे, कारण शांततेचा प्रश्न भाकरीला कसा भिडतो ते इथं दिसतं. कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. सीमा खाडीच्या मधोमध आहे असं भारत म्हणतो, पूर्व काठावर आहे असं पाकिस्तान म्हणतो. खाडीचा निकाल लागत नाही म्हणून समुद्रातली सीमाही ठरत नाही. पाण्यावर कुंपण नाही, रेघ नाही. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली की बोटी पुढे सरकतात. इंजिन बंद पडलं की प्रवाह नेईल तिकडे जातात. मग पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था भारतीय बोट पकडते, भारताचं तटरक्षक दल पाकिस्तानी बोट पकडतं. बोट जप्त होते, तांडेलापासून खलाशापर्यंत सगळे आत जातात. भारतीय मच्छीमारांना बहुधा कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवतात, पाकिस्तानी मच्छीमारांना गुजरातमधल्या तुरुंगांत.

पोरबंदर, ओखा, वेरावळ, मांगरोळ या बंदरांतल्या बोटींवर काम करणाऱ्या खलाशांमध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुणही असतात. पावसाळा संपताना ते गुजरातला जातात, उन्हाळ्याच्या शेवटी परततात. त्यांतला एखादा पकडला गेला की घरी कळायलाच वेळ लागतो. बोटमालकाचं नुकसान बोटीचं असतं. खलाशाच्या घरी मिळवता हातच जातो. न्यायालयाने दिलेली शिक्षा काही महिन्यांची असते, पण ती भोगून झाल्यावरही राष्ट्रीयत्वाची खातरजमा व्हायची म्हणून माणूस आतच राहतो, कधीकधी वर्षानुवर्षं. कैदेत मृत्यू आला तर देह घरी पोचायला आठवडे लागतात. सुटकेची वाटही लांबची. कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा, अटारीहून रेल्वेने गुजरात आणि मग घर. समुद्रातून जे अंतर थोडक्या वेळात कापता आलं असतं, त्यासाठी दोन देश आडवे ओलांडावे लागतात.

कायदा काय सांगतो? संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराला भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ७३ व्या कलमानुसार अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, संबंधित देशांमध्ये तसा वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. योग्य जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची असतात. २००८ चा करार सांगतो की शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झालं की महिन्याभरात माणूस परत पाठवावा. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समितीही नेमली गेली होती. तिने एकमेकांच्या तुरुंगांना भेटी दिल्या, आजारी कैदी, महिला, मनोरुग्ण यांच्या सुटकेच्या शिफारशी केल्या. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. तिला पुन्हा कामाला लावा, ही मागणी तेव्हापासून सुरू आहे.

मच्छीमारांच्या सुटकेच्या कामात आपल्या सरकारला प्रश्न विचारण्याचा नियम सर्वात चोख पाळला गेला. कराचीतल्या ‘पायलर’ या कामगार शिक्षण संस्थेने आणि ‘पाकिस्तान फिशरफोक फोरम’ने भारतीय मच्छीमारांच्या सुटकेसाठी आपल्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सुटलेल्या भारतीयांच्या प्रवासाची सोय ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने पुष्कळदा केली. इकडे भारतीय मच्छीमार संघटनांनी आणि फोरमच्या मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी गुजरातच्या तुरुंगांतल्या सिंधी मच्छीमारांचा प्रश्न दिल्लीपुढे मांडला. आपला माणूस सोडवायला पलीकडचा माणूस झगडतो आहे आणि त्याचा माणूस सोडवायला आपण, अशी ही रचना आहे. न्यायाची मागणी करताना तुझा-माझा हा भेद इथं गळून पडतो. ज्या कुटुंबाचा मुलगा परत आला, त्याला ठराव वाचावा लागत नाही.

मुंबई आणि कराची या शहरांचं नातं फाळणीपेक्षा जुनं आहे. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतली नामांकित एनजेव्ही शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही ओळखली जाते. १८५५ मध्ये सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. कराचीत मराठी कुटुंबं होती, तिथून निघालेली सिंधी कुटुंबं उल्हासनगरात आणि मुंबईत स्थिरावली. पण कराचीची वकिलात बंद पडल्यावर कराचीतल्या माणसाला भारताचा व्हिसा मिळवायला इस्लामाबाद गाठावं लागलं. व्हिसा देशाचा मिळत नसे, ठरावीक शहरांचा मिळे. पोचल्यावर पोलिसांत नोंद करावी लागे. सप्टेंबर २०१२ च्या करारात पासष्टीपुढच्या नागरिकांना अटारी-वाघ्यावर आल्यावर व्हिसा देण्याची तरतूद झाली होती, जानेवारी २०१३ मध्ये ती सुरू होतानाच रोखली गेली. म्हणून व्हिसाचा प्रश्न फोरमने कधी किरकोळ मानला नाही. ज्यांना भेटता येत नाही त्यांना एकमेकांबद्दल काहीही सांगता येतं आणि ते खरं वाटतं. मुंबई आणि कराचीच्या पत्रकारांनी एकमेकांच्या शहरांना दिलेल्या भेटी यासाठी महत्त्वाच्या होत्या.

आघाडीच्या मर्यादाही या पुस्तकात मोकळेपणाने मांडल्या आहेत. तिचा चेहरा बराच काळ शहरी, शिकलेला आणि वयस्कर राहिला. कामकाज इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत चाललं. सिंधी, पश्तू, मराठी, तमिळ बोलणारा कार्यकर्ता श्रोता बनून राहिला. २००५ ला दिल्लीत अधिवेशन झालं, त्यानंतरचं थेट डिसेंबर २०११ मध्ये अलाहाबादला. मधे २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला होता. त्या हल्ल्यात ज्यांची माणसं गेली, त्यांना शांततेची भाषा पोकळ वाटली तर त्यांना दोष देता येत नाही. त्या हल्ल्याच्या सूत्रधारांवर पाकिस्तानात खटले चालून शिक्षा व्हावी, ही मागणी करणं हे शांततेच्या चळवळीचंच काम आहे. पाकिस्तानातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या देशातल्या दहशतवादी संघटनांविरुद्ध जीव धोक्यात घालून बोलण्याची हिंमत दाखवली. इथल्या दंगलींतल्या आणि काश्मीरमधल्या पीडितांसाठी न्याय मागताना तीच हिंमत आपल्यालाही लागते. या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या की आघाडी संपते. दोन्ही मागण्या एका श्वासात करता आल्या, तरच तिला अर्थ राहतो.

प्रादेशिक आघाडी हवेत उभी राहत नाही, हेही सांगायला हवं. तिला गल्लीत पाय लागतात. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली सोसल्या. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी नियमित एकत्र बसू लागले, भांडणं लहान असतानाच मिटू लागली. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. लाहोरशी मैत्री करायला निघालेल्या माणसाचं आपल्या गावातल्या दुसऱ्या वस्तीशी काय नातं आहे, हा प्रश्न प्रत्येक गटाने स्वतःला विचारावा. तिथं पूल नसेल तर सीमेवरचा पूल टिकणार नाही.

या सगळ्यांतून आघाडी बांधणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी हाती येतात. सहमतीचा मसुदा छोटा ठेवावा आणि त्याबाहेर मतभेदाला मोकळीक द्यावी. दोन्ही बाजूंची समिती स्वतंत्र असावी, पण निर्णय संयुक्त असावा. अध्यक्षपद, अधिवेशनाची जागा, खर्च आणि भाषण यांची वाटणी बरोबरीने व्हावी, कारण मोठ्या देशाचे कार्यकर्ते नकळत मोठ्या भावासारखे वागू लागतात. वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळाव्यापेक्षा वर्षभर चालणारं एखादं ठोस काम आघाडीला अधिक बांधून ठेवतं. मच्छीमारांच्या सुटकेचं काम तसं होतं. संकट आल्यावर चोवीस तासांत कोणी कोणाशी बोलायचं, हे आधीच ठरलेलं असावं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो मंचावर बोलणारा असावा, केवळ ज्याच्याविषयी बोललं जातं तो नव्हे.

हे पुस्तक आम्ही विद्यार्थ्यांसाठी, छोट्या गावांतल्या संस्थांसाठी, मच्छीमार आणि कामगार संघटनांसाठी, महिला मंडळांसाठी लिहिलं आहे. पहिल्या भागात फोरमचा इतिहास आहे, दुसऱ्यात मच्छीमार आणि कैदी यांच्या प्रश्नाची कायदेशीर बाजू, तिसऱ्यात आघाडी बांधण्याची पद्धत. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. कागदपत्रं शोधून देणाऱ्या आणि आपल्या आठवणी मोकळेपणाने सांगणाऱ्या दोन्ही देशांतल्या मित्रांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

आज परिस्थिती १९९४ पेक्षा बिकट आहे. ऑगस्ट २०१९ पासून समझौता एक्स्प्रेस बंद आहे, व्यापार थांबलेला आहे, आणि २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हत्याकांडानंतर उरलेसुरले दरवाजेही लागले. दोन्ही देशांत शांततेचं नाव काढणाऱ्याला देशद्रोही ठरवणं सोपं झालं आहे. अस्मा जहांगीर आणि पत्रकार कुलदीप नायर २०१८ मध्ये गेले, मुबशिर हसन २०२० मध्ये, रहमान २०२१ मध्ये. त्यांनी बांधलेली आघाडी आता तरुणांच्या हाती यायला हवी आणि ती त्यांच्या भाषांतून बोलायला हवी. डहाणूची मुलगी मराठीतून आणि ठठ्ठ्याचा मुलगा सिंधीतून आपल्या गावातल्या बेपत्ता खलाशाची नोंद करू शकतो, आपल्या खासदाराला पत्र लिहू शकतो, माहिती मागू शकतो, आणि मिळालेलं उत्तर सीमेपलीकडच्या सोबत्याला कळवू शकतो. त्यासाठी व्हिसा लागत नाही. ज्या सरकारला आपण मत देतो आणि कर भरतो, त्याला जाब विचारण्याचा हक्क आपल्याकडे आहे. पलीकडच्या सरकारवर तो आपल्याला नाही. म्हणून काम आपल्या बाजूने सुरू करावं आणि पलीकडचा सोबती त्याच्या बाजूने ते करतो आहे यावर विश्वास ठेवावा. तीस वर्षांत तो विश्वास अनेकदा खरा ठरला आहे.